एक मीटरची फट आणि चौकाचा उजेड : पुण्याच्या पेठांतील नव्या घरांविषयी

पुण्याच्या पेठांबद्दल सध्या दोन प्रकारचे लिखाण भरपूर होते. पहिल्यात वाडे पडल्याचा शोक असतो. तुळशीवृंदावन, झोपाळा आणि चौकातला भोंडला त्यात हटकून येतो. दुसऱ्यात पुनर्विकासाचे हिशेब असतात. चटईक्षेत्र, प्रीमियम आणि मंजुरीला लागणारे महिने. पहिल्या लेखकाला घर बांधायचे नसते आणि दुसऱ्याला पेठेकडे पाहायचे नसते. त्यामुळे मधला प्रश्न तसाच राहतो. सहा मीटर रुंदीचा प्लॉट आहे, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत आहे, जुने घर राहण्याच्या लायकीचे उरलेले नाही आणि त्यात पाच कुटुंबे आहेत. तिथे नवे घर कसे बांधावे, म्हणजे आतल्या माणसाला उजेड मिळेल आणि बाहेरची आळी आळीच राहील?

मी वास्तुविशारद नाही. नोकरीच्या जोडीने मोजपट्टी आणि चौकटीची वही घेऊन पेठांतून हिंडण्याची सवय लागली आणि त्यापायी जे वाचावे लागले ते वाचत गेलो. माझा आक्षेप ज्या इमारतींवर आहे त्यांची नावे मी देणार नाही. कसब्यात, शुक्रवारात किंवा सदाशिवात कुठेही उभे राहून दोन्हीकडे पाहिले तर त्या दिसतात. माझे म्हणणे एवढेच आहे की पेठेचे रूप महिरपीत आणि लाकडी सज्जात शोधणे ही आपली मोठी चूक झाली आहे. ते रूप चार मापांत आहे : घराची रुंदी, सामाईक भिंत, रस्त्याकडचे जोते आणि आतला चौक. ही चार मापे सांभाळली तर साध्या गिलाव्याचे, सिमेंटच्या खांबांचे घरही पेठेत शोभते. ती मोडली तर वर कितीही नक्षी लावली तरी ते घर उपरेच दिसते.

पेठेतले घर म्हणजे काय

‘वाडा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सरदाराचा तीन-चार चौकी वाडा येतो. दिंडी दरवाजा, देवडी, कचेरीचा चौक, मागे मुदपाकखाना. असे वाडे होते, पण पेठ त्यांनी भरलेली नव्हती. पेठ भरलेली होती ती दोन खणी, तीन खणी घरांनी. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, साधारण पाच ते सहा फूट. लाकडाची तुळई जेवढा भार पेलेल तेवढा खण, आणि जेवढे खण तेवढे घर. ‘आमचे घर तीन खणांचे’ असे जुनी माणसे सांगत, त्यात घराची रुंदी, मालकाची ऐपत आणि सुताराचा हिशेब एकदमच येई.

या घरांची बांधणीही ठरलेली. दगडी जोते, त्यावर सागवानी खांबांचा सांगाडा, मध्ये विटांचे भरण, वर कडीपाट. बाजूची भिंत शेजाऱ्याला लागून किंवा सामाईक, त्यामुळे बाजूने खिडकी नाही. उजेड दोनच ठिकाणांहून येणार : समोरच्या रस्त्याकडून आणि आतल्या चौकातून किंवा परसातून. म्हणून खोल्यांची रांग समोरून मागे जाते. ओटा, ओसरी, माजघर, चौक, स्वयंपाकघर, परसू.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत ही मांडणी आजही वाचता येते. तळमजल्यावर रस्त्यालगत ठोकणावळ, भांड्यावर मठारकाम करणारा कारागीर उजेडासाठी दाराशी बसलेला, कुटुंब मागे आणि माडीवर. कामाचा आवाज, विक्री आणि राहणे एकाच दोन-तीन खणांच्या रुंदीत बसलेले. रस्त्यावर दर पंधरा-वीस फुटांना एक वेगळे दार येते. चालणाऱ्याला आळी जिवंत वाटते याचे कारण ही दारांची संख्या आहे. शंभर फुटांत सहा दारे असणे आणि शंभर फुटांत एक लोखंडी गेट असणे यांतला फरक कोणत्याही नक्षीने भरून निघत नाही.

काय जपायचे नाही

इथे शोकवाल्यांशी एक हिशेब मिटवला पाहिजे. पेठा जातींच्या आणि व्यवसायांच्या वाटणीने वसल्या. आळ्यांची नावे ती वाटणी आजही सांगतात. वाड्याच्या आतही उंबरठ्यांची उतरंड होती. कोणी देवडीपर्यंत यायचे, कोणी पहिल्या चौकापर्यंत, बायकांनी मागच्या चौकात राहायचे, सफाई करणाऱ्याने मागच्या बोळातूनच ये-जा करायची. पाण्याचेही तेच. पेशवाईत कात्रजहून नळाने पाणी आले आणि शहरात हौद झाले, पण हौद सर्वांचे नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या गंज पेठेतल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही घटना आपण समाजसुधारणेच्या इतिहासात वाचतो. ती घरबांधणीच्या इतिहासातही वाचली पाहिजे. घराचा कोणता भाग कोणाला खुला, हे ठरवणे म्हणजेच घराचा आराखडा ठरवणे. तो हौदही पेठेच्याच रूपाचा भाग आहे.

आणखी एक साधी गोष्ट. भाडेकरूंनी भरलेल्या वाड्यात एका नळावर आणि एका संडासावर आठ-दहा कुटुंबे राहत. पावसाळ्यात पाट गळत, भिंतीला ओल येई. अशा घरातून सुटून उपनगरातल्या दोन खोल्यांत गेलेल्या बाईला ‘वाड्याची मजा’ सांगणे हा उद्धटपणा आहे. तेव्हा पेठेचे रूप जपायचे म्हणजे जुने जिणे जपायचे नाही. नव्या घरात प्रत्येक कुटुंबाला स्वतःचे न्हाणीघर, स्वतःचा संडास, दोन बाजूंनी हवा आणि कोणालाही अडवणार नाही असा चौक मिळाला पाहिजे. या अटींवर जे घर उतरणार नाही ते कितीही देखणे असले तरी मला नको.

उजेडाचा नियम आणि त्याचा विपर्यास

दाट वस्तीविषयीची आपली सरकारी भीती प्लेगइतकी जुनी आहे. १८९६-९७ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टच्या इंजिनिअरांनी चाळींमधल्या अंधाऱ्या खोल्यांवर उपाय म्हणून एक कोन पुढे आणला : साडेत्रेसष्ट अंशांचा. खिडकीसमोरची मोकळी जागा समोरच्या भिंतीच्या उंचीच्या निम्मी तरी असावी, म्हणजे आकाशातून येणारा उजेड खालच्या खिडकीपर्यंत पोहोचतो, असा त्याचा साधा अर्थ. अठरा फूट उंच भिंत असेल तर नऊ फूट मोकळे सोडा. हा नियम अनुभवातून आलेला आहे आणि मला तो आजही मान्य आहे.

घोळ पुढे झाला. ‘मोकळी जागा सोडा’ एवढेच हळूहळू लक्षात राहिले. कशासाठी आणि कुठे, हे विसरले गेले. उपनगरातल्या बंगल्याच्या प्लॉटसाठी जे सामासिक अंतर ठीक, त्याचेच आखूड रूप गावठाणात आले. राज्यासाठी २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनंतर बाजूला एक मीटर जागा सोडण्याच्या अटीवरून पेठांत मोठी ओरड झाली आणि सवलतीची मागणी होत राहिली. ही ओरड बहुतेक चटईक्षेत्र वाया जाते म्हणून होती. माझा आक्षेप वेगळा आहे. ही फट ज्या उजेडासाठी सोडायची, तो उजेडच ती देत नाही.

हिशेब करून पाहू. सहा मीटर रुंद आणि वीस मीटर खोल असा एक प्लॉट घ्या, म्हणजे एकशेवीस चौरस मीटर. नऊ मीटर उंचीचे, तळमजला अधिक दोन मजले असे घर बांधायचे आहे. दोन्ही बाजूंना एकेक मीटर सोडला तर चाळीस चौरस मीटर, म्हणजे प्लॉटचा तिसरा हिस्सा गेला. उरली चार मीटर रुंद आणि वीस मीटर लांब पट्टी. तिच्यातल्या मधल्या खोल्यांच्या खिडक्या फटीत उघडणार. समोर शेजाऱ्याची तेवढीच उंच भिंत. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाने एक मीटरची फट भिंतीच्या वरच्या दोन मीटरपर्यंत उजेड देते. शेजाऱ्यानेही एक मीटर सोडला तर दोन मीटरची फट चार मीटरपर्यंत. म्हणजे सर्वांत वरचा मजला आणि त्याखालच्याचा थोडा भाग उजेडात, बाकी अंधारात. ही फट कोणी झाडत नाही, कारण ती कोणाचीच नसते. तिच्यातून सांडपाण्याचे पाइप उतरतात, एसीचे डबे लटकतात, वरून टाकलेल्या पिशव्या साठतात.

आता तेच चाळीस चौरस मीटर आत घ्या. रस्त्यापासून साडेपाच मीटर खोलीचे पुढचे घर, मग साडेचार मीटरचा चौक, पुन्हा साडेपाच मीटरचे मागचे घर, आणि शेवटी साडेचार मीटरचे परसू. झाले वीस मीटर. चौक आणि परसू पूर्ण रुंदीचे न घेता एका कडेला दीड मीटरची पट्टी ठेवली, पुढे जिना आणि पडवीसाठी, मागे न्हाणीघरे-संडासांसाठी, तर प्रत्येकी जवळजवळ वीस चौरस मीटर मोकळे राहतात. बांधलेली जागा दोन्ही आराखड्यांत तेवढीच, ऐंशी चौरस मीटर. पण साडेचार मीटरचा चौक नऊ मीटर उंचीला पुरेसा उजेड देतो, थेट तळमजल्यापर्यंत. पुढच्या घराला रस्ता आणि चौक अशा दोन बाजू, मागच्याला चौक आणि परसू. हवा आरपार. जागा तेवढीच, बांधकाम तेवढेच. एका आराखड्यात अंधारी फट, दुसऱ्यात चौक.

या हिशेबात कसलीही हुशारी नाही. पेठेतल्या गवंड्याला आणि सुताराला तो पाठ होता. आपल्या नियमांनी तो पुसला.

अभियंत्यांचे तीन आक्षेप असतात आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला आगीचा. अग्निशमनाची गाडी एक मीटरच्या फटीत शिरत नाही. उलट दोन घरांमधली सलग, बिनखिडकीची विटांची भिंत आग थोपवते. दुसरा भूकंपाचा. शेजारच्या दोन इमारती हादऱ्यात एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्यांचे सांगाडे वेगळे ठेवावे लागतात, हे खरे. त्यासाठी लागणारे अंतर एवढ्या उंचीला काही इंचांचे असते, ते वरून झाकता येते. तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. नवा पाया खणताना शेजारची जुनी, मातीत बांधलेली भिंत खचते. एक वाडा पाडला की शेजाऱ्याच्या भिंतीवर कोनाडे, तुळयांची भोके आणि जुन्या जिन्याची तिरकी रेघ उघडी पडते, आणि पहिल्या पावसात ती भिंत फुगते. इथे नियम हवा, कडक हवा. पण तो भिंतीला आधार देण्याचा आणि शेजाऱ्याच्या हक्काचा हवा. फट सोडण्याच्या अटीने ती भिंत वाचत नाही.

जोत्याचे पार्किंग

दुसरे मोडलेले माप जोत्याचे. नव्या इमारतीचा तळमजला आता खांबांवर असतो आणि त्यात गाड्या असतात. सहा मीटर रुंदीच्या प्लॉटवर गाड्या बसवायच्या म्हटल्या की तळमजल्यावर दुसरे काही उरत नाही. दुकान जाते, ओटा जातो, दाराशी बसणारे म्हातारे माणूस जाते. रस्त्याच्या उंचीला डोळे उरत नाहीत. पहिले राहते घर डोक्यावर दहा फूट असते. आळीत संध्याकाळनंतर जे सामसूम वाटते त्याचे कारण टीव्ही किंवा मोबाइल एवढेच नाही. रस्त्यालगत आता कोणी राहतच नाही.

पार्किंगच्या याच गरजेपोटी प्लॉट एकत्र केले जातात. एका प्लॉटवर चारचाकीला वळायला जागा नाही, म्हणून तीन प्लॉट जोडा. तीन जोडले की उंची वाढवता येते, उंची वाढली की लिफ्ट, आणखी बाजूची जागा, आणखी गाड्या. सहा दारांच्या जागी एक गेट येते ते इथून. पेठेतल्या बहुतेक घरांना चारचाकी लागते का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू आहे. कसबा पेठ आणि मंडई ही स्थानके पेठांच्या पोटात आहेत. शेकडो कोटी खर्चून जिथे जमिनीखालून गाडी नेली, तिथेच प्रत्येक सहा मीटरच्या घराने पोटात मोटारी ठेवाव्यात ही अट कशी टिकते, हे मला समजलेले नाही. दुचाकींना एक खण द्यावा, चारचाकीची सक्ती लहान प्लॉटवरून काढून टाकावी. ज्याला मोटार हवी त्याने ती पेठेबाहेर भाड्याच्या जागेत ठेवावी.

महिरपीचा मुखवटा

अलीकडे काही बांधकामांना ‘वाडा शैली’ दिली जाते. काँक्रीटच्या चौकटीवर फायबरच्या महिरपी, सुरूच्या आकाराचे पोकळ खांब, सागवानी रंगाचे पत्रे, दारावर पितळी कड्या. विश्रामबाग वाड्याचा लाकडी दर्शनी भाग हा या साऱ्याचा आवडता नमुना. पण विश्रामबाग पेशव्याचा महाल होता. तांबट आळीतल्या किंवा भोरआळीतल्या घराला तो कधीच लागू नव्हता. शेजारी साध्या गिलाव्याची, बारीक गजांच्या खिडक्यांची तीन खणी घरे असताना मध्येच महालाचा तुकडा लावणे म्हणजे गल्लीतल्या माणसाने लग्नाचा फेटा रोज बांधून फिरण्यासारखे आहे.

माझी हरकत केवळ अभिरुचीची नाही. या मुखवट्यामुळे मंजुरी देणाऱ्यांचे आणि आपले दोघांचेही समाधान होते. रूप जपले असे वाटते आणि मापे बिनदिक्कत मोडली जातात. महिरपीमागे पार्किंग असते, सज्जामागे बंद काच असते, चौकाच्या जागी लिफ्टचा खड्डा असतो.

दोन परकी घरे

आपल्यासारखीच अरुंद प्लॉट आणि जुनी गल्ली घेऊन इतरांनी काय केले, याची दोन उदाहरणे मला उपयोगी पडली. दोन्ही छायाचित्रांत आणि आराखड्यांत पाहिलेली आहेत, एवढे आधीच सांगतो.

पहिले जपानमधले. ओसाका शहराच्या सुमियोशी भागात तदाओ आंदो या वास्तुविशारदाने १९७६ मध्ये एक घर बांधले. लाकडी नागाया म्हणजे आपल्या चाळीसारखी भिंतीला भिंत लावलेली घरे. अशा तीन घरांच्या रांगेतले मधले घर काढून तिथे त्याने काँक्रीटचे दुमजली घर बसवले. प्लॉट सुमारे ५७ चौरस मीटरचा. लांबीचे तीन समान भाग, त्यातला मधला पूर्ण उघडा. म्हणजे चौकच. वरच्या दोन खोल्या चौकावरच्या पुलाने जोडलेल्या. रात्री पावसात संडासाला जायचे तर चौक ओलांडावा लागतो, यावर त्या घराची पुष्कळ टीका झाली. आपल्या आज्यांना या टीकेचे हसू आले असते. त्या छत्री घेऊनच चौक ओलांडत.

या घराने रुंदी, उंची आणि भिंत यांचा जुना करार पाळला आणि इतक्या लहान जागेतही आकाश आत घेता येते हे दाखवून दिले. पण रस्त्याला त्याने पाठ दाखवली. समोर एक कोरी काँक्रीटची भिंत आणि तिच्यात दाराची भगदाडवजा जागा. खिडकी नाही, ओटा नाही. अशी सहा घरे शेजारी आली तर गल्ली मरेल. म्हणून सुमियोशीकडून छेद शिकावा, चेहरा शिकू नये.

दुसरे उदाहरण चेहऱ्याचे आहे. इंग्लंडमधल्या नॉर्विच शहराच्या नगरपालिकेने गोल्डस्मिथ स्ट्रीट इथे १०५ भाड्याची घरे बांधली. २०१९ मध्ये त्यांना स्टर्लिंग पारितोषिक मिळाले. त्या देशात हे वास्तुकलेचे मोठे पारितोषिक आणि ते नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांना मिळाले याचीच बातमी झाली. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे समोरासमोरच्या खिडक्यांत २१ मीटर अंतर असावे असा रूढ संकेत आहे. मिखाइल आणि रिचेस यांच्या नावाने चालणाऱ्या कार्यालयातील वास्तुविशारदांनी त्याच शहरातल्या एकोणिसाव्या शतकातील रांगघरांच्या, लोकांच्या आवडत्या गल्ल्यांकडे बोट दाखवले आणि १४ मीटरचा रस्ता मान्य करून घेतला. खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही घरांची दारे थेट रस्त्यावर उघडतात. मागच्या परसांमध्ये मुलांना खेळायला एक सामाईक बोळ आहे.

जुन्या शहराचा पुरावा देऊन नियम बदलता येतो, हे मला त्यातून मिळालेले सर्वांत मोलाचे. त्यांनी जुन्या घरांचे कंगोरे आणि कमानी उचलल्या नाहीत. रस्त्याची रुंदी आणि दारांची संख्या उचलली. तुलनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. नॉर्विचची जमीन पालिकेची होती आणि घरेही तिचीच. आपल्या पेठांत मालक एक, भाडेकरू सात आणि बिल्डर तिसराच. म्हणून शेवटी त्या गाठीकडे यावेच लागते.

भाडे, मालकी आणि पेठ सोडणारी माणसे

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली घरे वाहून गेली. अनेक कुटुंबे पूरग्रस्तांच्या वसाहतींत गेली ती परतली नाहीत. पण पाण्याने जेवढे नेले त्याहून अधिक हळूहळू कुजून गेले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्यामागचा हेतू भाडेकरूला वाचवण्याचा होता आणि तो वाचलाही. मात्र महिन्याच्या भाड्यात एक कौलही बदलता येईना, तेव्हा मालकाने दुरुस्ती सोडली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मूळ रक्कमच काही रुपयांची असेल तर तिचे चार टक्के म्हणजे काय? मालक वाडा पडण्याची वाट पाहतो आणि भाडेकरू छत डोक्यावर येईपर्यंत हलत नाही. दोघांचेही वागणे त्यांच्या जागी शहाणपणाचे आहे.

शनिवारवाड्याच्या भोवती तर आणखी वेगळी कोंडी आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरवर नियंत्रण, असे २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच आले. परवानगीने दुरुस्ती करता येते, नवे घर बांधता येत नाही. स्मारक जपण्याला माझा विरोध नाही. पण कायद्याला इथे वास्तू दिसते, वस्ती दिसत नाही. भोवतीची घरे हळूहळू पडत जाऊन उद्या शनिवारवाडा मोकळ्या पटांगणात एकटा उभा राहिला तर त्याचे पेठेशी नाते उरेल का?

आता वरच्या आराखड्याकडे पुन्हा पाहू. तळमजला अधिक दोन मजले, दर मजल्याला दोन घरे, तळमजल्याचा पुढचा भाग दुकान आणि दुचाकींना. म्हणजे पाच घरे, भिंती वजा जाता प्रत्येकी साधारण तीनशे चौरस फुटांची, आणि एक दुकान. एकशेवीस चौरस मीटरच्या वाड्यातले चार-पाच भाडेकरू इथे नीट राहू शकतात. प्रामाणिकपणे सांगायचे तर बिल्डरला विकायला यात काही उरत नाही. त्याला आणखी दोन मजले हवेत, आणि ते चढवले की साडेचार मीटरचा चौक अपुरा पडतो. या आकड्यापाशी येऊन आपली सगळी वारसा-चर्चा थांबते.

ती पुढे न्यायची तर पैशाचा एक मार्ग कायद्याला माहीत आहे. न वापरता आलेले बांधकामाचे हक्क दुसरीकडे वापरू देण्याची पद्धत, म्हणजे टीडीआर, मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीपासून चालत आलेली आहे. रस्त्याला जागा देणाऱ्याला हा हक्क मिळतो, वारसा-इमारतीच्या मालकाला मिळतो. मग आपला प्लॉट शेजाऱ्याशी न जोडता, तीन मजल्यांवर थांबून, चौक ठेवून, जुन्या भाडेकरूंना तिथेच घर देणाऱ्या मालकाला तो का नसावा? हा हक्क विकून बांधकामाचा खर्च निघू शकतो. उपनगरांवर त्याचा भार पडेल ही शंका रास्त आहे. म्हणूनच तो फक्त लहान प्लॉटला आणि भाडेकरू परत आल्यानंतरच द्यावा. चौक ठेवला पण भाडेकरू घालवले, तर त्या घरात उद्या कॉफीचे दुकान येईल आणि आपण त्याला पेठ म्हणत राहू.

नकाशावर शेजारी

या सगळ्यातून मागणी काय करायची, असे मला व्याख्यानांनंतर विचारतात. मोठ्या वारसा-धोरणाची वाट पाहत बसण्याइतका वेळ पेठांकडे नाही, म्हणून मी लहान गोष्टी सांगतो. सामाईक भिंतीच्या प्लॉटवर बाजूच्या फटीऐवजी तेवढ्याच क्षेत्राचा चौक मान्य व्हावा, आणि चौकाची रुंदी उंचीच्या निम्मी असावी. शंभर फुटांतली दारे आज आहेत त्याहून कमी होऊ नयेत. जोत्याच्या पातळीला राहते घर, दुकान किंवा कामाची जागा असावी. शेजारची भिंत खोदकामाआधी आधार देऊन मगच काम सुरू व्हावे.

आणि एक गोष्ट तर नियम न बदलताही उद्यापासून करता येईल. पालिकेकडे मंजुरीला येणाऱ्या नकाशात सध्या फक्त होणारी इमारत असते. चारी बाजूंना कोरा कागद. त्या कागदावर डावीकडचे एक घर, उजवीकडचे एक घर आणि समोरची बाजू, त्यांच्या खऱ्या उंचीसह, जोत्यासह आणि दारांसह काढणे सक्तीचे करावे. मोजायला एक दिवस लागतो, दोन माणसे लागतात. ते मोजताना शेजाऱ्याच्या दारावर थाप मारावी लागेल, त्याच्या चौकात उभे राहावे लागेल आणि आपल्या नव्या भिंतीमुळे त्याच्या कोणत्या खिडकीचा उजेड जाणार आहे हे त्याच्यासमोर वहीत लिहावे लागेल.